१५.६ इंची की १४ इंची? माझा काटा चार्जरपाशी झुकला

घरी वापरायला आणि कामाच्या फिरतीवर न्यायला एकच लॅपटॉप, तोही मधल्या किमतीतला, असं ठरवलं की चाळून चाळून दोन प्रकार हातात उरतात. एक १५.६ इंची, नंबरपॅडवाला (कीबोर्डच्या उजवीकडे आकड्यांची वेगळी बटणं असलेला), गोल पिनच्या चार्जरचा. दुसरा १४ इंची, टाइप-सीवर चार्ज होणारा. पहिला मी चार वर्षं वापरला, दुसरा गेलं दीड वर्ष वापरतोय. प्रोसेसर, एसएसडी वगैरेंचं पुराण लावत नाही. मेल, एक्सेल, व्हिडिओ कॉल आणि रात्री एखादा सिनेमा, एवढ्या कामात मला तरी दोघांच्या वेगात फरक जाणवला नाही.

आधी मोठ्याची बाजू मांडतो, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. घरच्या टेबलावर तो खरंच सुखाचा आहे. दोन फाइली शेजारी शेजारी उघडून बसता येतं, डोळे बारीक करावे लागत नाहीत. नंबरपॅडचं महत्त्व मला माझ्या बायकोकडे बघून कळलं. ती हिशेबाचं काम घरूनच करते आणि नंबरपॅडवर न बघता आकडे मारत सुटते. माझ्या १४ इंचीवर तिला बसवलं तर पाच मिनिटांत उठते. मला मात्र नंबरपॅडचा त्रासच व्हायचा. त्याच्यामुळे कीबोर्ड आणि टचपॅड डावीकडे सरकतात, मग स्क्रीनच्या मधोमध बसायचं की टचपॅडच्या, हे काही मला चार वर्षांत ठरवता आलं नाही. टेबलावर माउस असतो म्हणून चालून जातं. प्रवासात मांडीवर घेतला की जाणवतं.

आणखी एक गोष्ट मोठ्याच्या बाजूने. माझ्या जुन्या लॅपटॉपची खालची पाठ उघडून मी दोन वर्षांनी रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, वाढवली होती. १४ इंचीत ती बऱ्याचदा मदरबोर्डवरच, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डावरच, सोल्डर केलेली असते, नंतर हात लावता येत नाही. तेव्हा हा प्रकार घेणार असाल तर पहिल्याच दिवशी १६ जीबी घ्या. ८ जीबीवर भागेल असं दुकानदार म्हणेल, पण नंतर अडकाल तुम्ही.

स्क्रीन लहान होईल ही धास्ती मलाही होती. ती थोडी फोल ठरली. हल्लीचे बरेच १४ इंची १९२० बाय १२०० पिक्सेलचे (स्क्रीनवरच्या ठिपक्यांचे) असतात आणि माझा जुना १९२० बाय १०८० चा होता. उंचीत १२० पिक्सेल जास्त, म्हणजे एक्सेलच्या चार-पाच ओळी जास्त. अक्षरं लहान दिसतात हे खरं. चाळिशी लागली असेल तर दुकानात पाच मिनिटं नीट वाचून बघा.

आता चार्जर.

एकदा तीन दिवसांच्या दौऱ्यावर होतो, दुसऱ्या दिवशी सकाळी सादरीकरण. मुक्कामी पोचून बॅग उघडली तर चार्जर नाही. तो घरी, टेबलामागच्या सॉकेटमध्ये लटकत राहिला होता. म्हटलं, त्यात काय, इतके सहकारी आहेत, कुणाचा तरी घेऊ. सातजणांकडे विचारलं. पाचजणांचे टाइप-सी. दोघांकडे गोल पिन होती, पण एकाची जाड, एकाची बारीक. गोल म्हणजे सगळे सारखे, असा माझा तोवर समज होता. पिनचा व्यास कंपनीगणिक बदलतो, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही.

संध्याकाळी धावपळ करून सगळ्या लॅपटॉपना चालेल असं सांगून विकला जाणारा एक चार्जर आणला, आठ वेगवेगळी टोकं असलेला. एक टोक अगदी चपखल बसलं, लॅपटॉपवरचा दिवाही लागला. हुश्श केलं. अर्ध्या तासाने बघतो तर टक्के होते तिथेच. प्लग लावलाय पण चार्ज होत नाही, असा संदेश कोपऱ्यात. वर लॅपटॉप असा रेंगाळायला लागला की फाइल उघडायला मिनिट. कारण मला नंतर समजलं. काही कंपन्यांच्या गोल पिनच्या पोटात एक बारीक सुई असते, आणि आपण किती वॅटचे आहोत ते चार्जर तिच्यातून लॅपटॉपला सांगतो. उत्तर आलं नाही की लॅपटॉप बॅटरी भरत नाही आणि प्रोसेसरचाही लगाम खेचतो. वीज समोर आहे, पण ओळख पटत नाही म्हणून घ्यायची नाही! सकाळी स्क्रीन मंद करून, वायफाय बंद ठेवून सादरीकरण उरकलं. शेवटच्या स्लाइडला ७ टक्के होते.

घरी आल्यावर मूळ कंपनीचा दुसरा चार्जर घेतला आणि कायमचा बॅगेत टाकला. प्रश्न सुटला म्हणायचा, पण तो अडॅप्टर, त्याच्या दोन जाड वायरी, वर लॅपटॉप स्वतः जड. नाकापेक्षा मोती जड. वजनकाट्यावर ठेवून मी काही बघितलं नाही, माझ्या उजव्या खांद्याची साक्ष पुरेशी आहे.

१४ इंची आल्यापासून बॅगेत काडेपेटीच्या दोन पेट्यांएवढा ६५ वॅटचा एकच चार्जर असतो. लॅपटॉप, फोन, इअरफोन, सगळं त्यावर. मधे तो एकदा विसरलो (खोड जात नाही), तर सहज विचारल्यावर तिघांनी आपापला पुढे केला. ६५ वॅट देणारी पॉवर बँकही चालते. २०,००० एमएएचची म्हणजे साधारण ७४ वॉट-तासांची, विमानातल्या १०० वॉट-तासांच्या मर्यादेत बसणारी. ती हातातल्या बॅगेत ठेवायची, चेक-इनच्या सामानात टाकायची नाही. घरी मी टाइप-सीवाला मॉनिटर घेतला. एकच केबल लावली की चित्रही जातं आणि चार्जिंगही होतं, त्यामुळे मोठ्या स्क्रीनची हौस तिकडे भागते.

यात फसायच्या जागा आहेत, त्या सांगायला हव्यात. लॅपटॉपला टाइप-सी भोक आहे म्हणजे तो त्यावर चार्ज होतोच असं नाही. मधल्या किमतीत कित्येकदा ते फक्त डेटासाठी असतं आणि चार्जिंग शेजारच्या गोल पिनवरच. माहितीपत्रकात पॉवर डिलिव्हरी हे शब्द शोधा, आणि जमलं तर दुकानातच चार्जर लावून बघा. फोनचा १८-२० वॅटचा चार्जर लावून चमत्काराची अपेक्षा करू नका. काही लॅपटॉप तो ओळखतच नाहीत, काही स्लीपमध्ये असताना थोडेफार भरतात. केबलचंही तसंच. ६० वॅटच्या वर जायचं तर ५ अँपिअरची केबल लागते. शिवाय काही केबली चार्जिंग उत्तम करतात पण मॉनिटरवर चित्र पाठवत नाहीत. यात माझी एक अख्खी दुपार गेली.

टाइप-सीची एक बाजू मला अजून खटकते. हे पोर्ट बहुधा मदरबोर्डवरच जोडलेलं असतं. ढिलं झालं तर दुरुस्ती किचकट आणि महाग. गोल पिनचा जॅक कित्येक लॅपटॉपांत वेगळ्या छोट्या वायरवर असतो, तो तेवढाच बदलता येतो. म्हणून दोन बाजूंना दोन टाइप-सी पोर्ट असतील आणि दोन्हींवर चार्जिंग होत असेल, असा लॅपटॉप मिळाला तर थोडे जास्त मोजायला हरकत नाही.

तुमचं काम व्हिडिओ एडिटिंगचं असेल किंवा वेगळं ग्राफिक्स कार्ड हवं असेल, तर माझं ऐकू नका. अशा लॅपटॉपना इतकी वीज लागते की ६५ वॅटवर भागत नाही, तिथे मोठा लॅपटॉप आणि मोठा चार्जर अटळ आहे. वर्षातून दोनदाच प्रवास होत असेल तरीही मोठाच कदाचित बरा पडेल. महिन्यातून दोन-तीनदा बॅग भरावी लागत असेल तर मी १४ इंचीकडेच बोट दाखवीन. एवीतेवी सगळं तिकडेच चाललंय. युरोपीय संघाने २०२२ साली केलेल्या नियमात लॅपटॉपना टाइप-सी चार्जिंग देण्यासाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख घातली होती, आणि कंपन्या काही एका खंडासाठी वेगळं भोक पाडत बसणार नाहीत, असा माझा अंदाज.

जुना १५.६ इंची विकला नाही. तो आता बायकोच्या टेबलावर असतो, नंबरपॅडसकट. त्याचा चार्जर त्याच सॉकेटमध्ये लटकलेला आहे, आणि त्याला कुठे न्यायचं नसल्यामुळे आता तो विसरताही येत नाही.