काखेतला साधा डिजिटल थर्मामीटर – चार महिने वापरून लिहितेय

आधी आमच्याकडे कपाळासमोर धरायची गन होती, चांगली महागातली. जुलैमध्ये मुलगी (वय 7) शाळेतून आली ती अंग नुसतं भाजत होतं आणि गन दाखवतेय 98.1. पंखा फुल, कपाळाला घाम, सलग तीन वेळा धरली तर तीन वेगळे आकडे. सासूबाई म्हणाल्या अगं ते राहू दे, पोरगी केवढी तापलीय बघ. मग नवऱ्याने भांडुप स्टेशनजवळच्या मेडिकलमधून हा काडीसारखा आणला, दोनशेच्या आत. काख पुसून टोक नीट आत दाबलं, हात अंगाशी धरून ठेवला, बीप झाल्यावर बघितलं तर 102.4!

तेव्हापासून हाच वापरतोय. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा अर्धा ते एक डिग्री कमी येतो म्हणून दरवेळी एकाच जागी लावा. बीप फार बारीक आहे, पंख्याच्या आवाजात ऐकूच येत नाही, आणि मेमरी फक्त शेवटच्या रीडिंगची. डॉक्टरांनी वही करायला सांगितली, वेळ, ताप, पॅरासिटामॉल किती वाजता दिलं (वजनाप्रमाणे, चार ते सहा तासांचं अंतर ठेवून), पाणी किती प्यायली, सू कितीदा झाली. पावसाळ्यात मुंबईत तीन दिवस वाट बघत बसू नका असं म्हणून दुसऱ्याच दिवशी मलेरियाची आणि डेंग्यूची एनएस1 टेस्ट करून घेतली. डेंग्यू निघाला. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन अजिबात द्यायचं नाही म्हणाले, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आता जे सांगायला मी लिहायला बसले ते. पाचव्या दिवशी सकाळी थर्मामीटरवर 98.8 आलं, सगळ्यांना हायसं वाटलं, सासूबाईंनी देवाला साखर ठेवली. पण पोर पोट दुखतंय म्हणून मुटकुळं करून पडली होती, दोनदा उलटी झाली, आणि वहीत बघितलं तर रात्रीपासून सू झाल्याची नोंदच नाही. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की डेंग्यूत खरा धोका ताप उतरताना असतो, पोटात खूप दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार, सुस्ती, यातलं एक जरी दिसलं तरी आकडा न बघता हॉस्पिटल गाठायचं. तसेच रिक्षात बसलो. दोन दिवस सलाईन लागलं, आता ठणठणीत आहे. ताप उतरला म्हणून आम्ही घरीच थांबलो असतो तर काय झालं असतं हा विचारही मला सहन होत नाही.

मोठ्यांसाठीही हाच बास आहे. नवरा त्याच महिन्यात गुडघाभर पाण्यातून चालत आला होता, त्याला डॉक्टरांनी लेप्टो (साचलेल्या घाण पाण्यातून होणारा आजार) होऊ नये म्हणून गोळी 72 तासांच्या आत दिली, ताप यायची वाट बघितली नाही.

थर्मामीटरला पाचपैकी चार, एक त्या बीपचा कापला. जावेचं बाळ दीड महिन्याचं आहे, तिलाही हाच आणून दिलाय आणि डबीवर मार्करने मोठ्ठं 100.4 लिहिलंय, कारण तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला एवढा ताप आला तर घरी सिरप देत बसायचं नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी लगेच डॉक्टरकडे न्यायचं.