एका स्विचचे ५१,५१९ रुपये

फोनवरच्या एका भामट्याने माझे किती नेले, तो आकडा आधी सांगते. ५१,५१९ रुपये. त्यातले ४९९ गेले तेव्हा मला वाटलं, चला, स्वस्तात काम झालं. ४,७२० गेले तेव्हा जरा कुरकुर केली. आणि ४६,३०० गेले त्या क्षणी मी काउंटरवरच्या एका मुलाला विचारत होते, "नोट्स पाठपोट काढू की एकेरी?"

पुण्यात नवी पेठेत, शास्त्री रोडच्या आतल्या बाजूला माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. आजूबाजूला अभ्यासिकाच अभ्यासिका, त्यामुळे गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक एमपीएससीची पोरं. दिवसाला पन्नास-साठ पेन ड्राइव्ह माझ्या डेस्कटॉपला लागतात. सगळं फोनवर पाठवता येतं हे मलाही माहीत आहे, पण चारशे पानांची पीडीएफ आणि मागे दहा जणांची रांग असली की पेन ड्राइव्हच बरा पडतो.

मे महिन्यात कोणी काय दाबलं देव जाणे, पण पेन ड्राइव्ह लावला की त्याचं फोल्डर आपोआप उघडायला लागलं. मी कोणाचं तरी प्रतिज्ञापत्र टाइप करत असायची, बाजूला मुलगा ड्राइव्ह खुपसायचा आणि त्याची खिडकी माझ्या कामावर धाडकन येऊन बसायची. निम्मं वाक्य इकडे, निम्मं तिकडे. शिवाय मनात जुनी भीती होतीच. काही वर्षांपूर्वी एका मुलीच्या प्रबंधाचं फोल्डर माझ्या मशीनवर लपून त्या जागी नुसता शॉर्टकट उरला होता. ती दुकानात उभी राहून रडली होती. तिची फाइल परत मिळाली, पण माझ्या पोटात आलेला तो गोळा काही गेला नाही. आपोआप उघडतंय म्हणजे आपोआप काहीतरी शिरतंय, असं मी धरून चालले.

माझा भाचा हिंजवडीत आयटीत आहे. त्याला फोन का केला नाही, हे आता सगळे विचारतात. कारण तो हसतो. "मावशी, हे एवढं पण येत नाही?" असं म्हणतो. त्याच्या हसण्याचे मी ५१,५१९ रुपये मोजले असं समजा.

जूनमधला मंगळवार, सकाळचे साडेअकरा. मी नेटवर पेन ड्राइव्हची खिडकी बंद कशी करायची ते शोधलं. सगळ्यात वर एक नंबर आला, त्याला विंडोजसारखंच निळं चिन्ह. त्याच्या बाजूला बारीक अक्षरात 'जाहिरात' असं लिहिलेलं होतं. आयुष्यभर लोकांच्या अर्जातली बारीक अक्षरं वाचून दाखवली, ही तेवढी वाचली नाहीत. मदतीचा नंबर शोधून घेऊ नका. वस्तूच्या खोक्यावर, बिलावर किंवा पासबुकावर असेल तोच घ्या.

तो नंबर मी लावला. पलीकडचा मुलगा हिंदीत बोलत होता. आवाज इतका अदबशीर की बस. "मॅडम, आप बिल्कुल टेन्शन मत लीजिए." लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं अ‍ॅप असतं ते त्याने टाकायला लावलं. पुढे काय झालं असेल ते तुम्हाला कळलंच आहे, म्हणून तो भाग वाढवत नाही. ४९९ रुपये 'व्हिजिट चार्ज' म्हणून यूपीआयने घेतले. व्हिजिट! घरी आला असता तर चहा तरी पाजला असता.

आता ऐका, मला कुठे कळायला हवं होतं ते. रोज रात्री हाच भाग माझ्या डोळ्यांसमोर येतो.

त्याने माझ्या स्क्रीनवर सेटिंग्ज उघडली. ब्लूटूथ अँड डिव्हायसेस. त्यात खाली ऑटोप्ले. तिथे सगळ्यात वर एक स्विच, 'यूज ऑटोप्ले फॉर ऑल मीडिया अँड डिव्हायसेस'. त्याने तो ऑनचा ऑफ केला. मी बघितलं. माझ्या डोळ्यांनी बघितलं! चार सेकंद लागले असतील. हाताशी एक पेन ड्राइव्ह होता तो मी लावून पाहिला, काही उघडलं नाही. काम संपलं होतं. माझं जे काम होतं ते पूर्ण, फुकटात होण्यासारखं, माझ्यासमोर झालेलं. तिथे मी थँक्यू म्हणून फोन ठेवायला हवा होता. ४९९ गेले असते, एखाद्या ऑफिसवाल्याचे एका जेवणाला जातात तेवढे. पण मी काय म्हणाले? "बस, एवढंच?" म्हणजे मलाच ते कमी वाटलं. पैसे दिलेत तर काम जरा मोठं दिसायला हवं ना!

तो लगेच म्हणाला, हे तात्पुरतं आहे, कायमचं करायचं तर ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे विंडोजच्या आतल्या नियमांतून, करावं लागतं. त्याने एक विचित्र नाव टाइप केलं, एंटर मारलं, आणि विंडोजनेच सांगितलं की अशी फाइल सापडत नाही. "देखिए मॅडम, वायरस ने फाइल ही खा ली." माझे हातपाय गार पडले.

नंतर भाच्याने सांगितलं ते असं. विंडोजच्या होम आवृत्तीत तो ग्रुप पॉलिसीचा एडिटर मुळात नसतोच. प्रो आवृत्तीत असतो. म्हणजे कोणाही होमवाल्याच्या मशीनवर ते नाव टाइप केलं तरी हेच उत्तर येणार. मग त्या भामट्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून लाल खुणांची रांग दाखवली. त्या लाल खुणाही प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये असतात, अगदी कालच आणलेल्या मशीनमध्येसुद्धा. आत्ता उघडून बघा, तुमच्याकडेही निघतील. भामट्याने मला खोटं काहीच दाखवलं नाही. सगळं खरं दाखवलं आणि अर्थ तेवढा खोटा सांगितला. आता बोला.

वर्षभराचा 'यूएसबी पोर्ट सिक्युरिटी प्लॅन', ४,००० अधिक १८ टक्के जीएसटी, ४,७२०. बिल मेलवर आलं, त्यावर जीएसटी नंबरसुद्धा होता. बिल बघितलं की आपल्याला धीर येतो, निदान मला येतो. मी गिऱ्हाइकाला दोन रुपयांच्या झेरॉक्सचं बिल देणारी बाई! जीएसटी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून कोणाचा आहे ते बघता येतं, पैसे लागत नाहीत. मी बघितला, पण संध्याकाळी.

पैसे गेल्यावर मात्र मला चुटपुट लागली. मी म्हटलं, नको मला प्लॅन, परत करा. हीच माझी हुशारी मला नडली. तो भांडला असता तर मी सावध झाले असते. तो म्हणाला, "शुअर मॅडम, फुल रिफंड." रिफंड जमा झाला का ते बघायला नेटबँकिंग उघडा म्हणाला. उघडलं. स्क्रीन काळी झाली. "आपकी प्रायव्हसी के लिए." काळ्या स्क्रीनमागे तो काय करत होता ते तुम्हाला सांगायला नको. मोबाइलवर ओटीपी आला, त्याने 'रिफंड कोड' मागितला, मी सांगितला. दोनदा.

मेसेजमध्ये रक्कम लिहिलेली होती. ४६,३००. हो, लिहिलेली होती. पण समोर सहा जण उभे, एकाची फॉर्म भरायची शेवटची तारीख, मशीनमध्ये कागद अडकलेला, आणि मेसेजमधले ओटीपीचे आकडे तेवढे वाचायची आपल्याला सवय. तुम्ही वाचता का ओटीपीचा मेसेज पूर्ण? छातीवर हात ठेवून सांगा. स्क्रीन काळी झाली की बोलत बसू नका, नेटची वायर उपटा. राउटर बंद करा. मशीनचं बटण दाबून धरा. काहीही करा, पण 'हॅलो, हॅलो' करत बसू नका. मी पाच मिनिटं बसले होते.

१२ वाजून ४७ मिनिटांनी पैसे गेले. मला कळलं सहाला, कागदवाल्याला पैसे पाठवताना.

भाचा आला. हसला नाही, तेच जास्त लागलं. त्याने जे समजावलं ते आधी माहीत असतं तर मी घाबरलेच नसते, म्हणून लिहिते. ऑटोरन आणि ऑटोप्ले या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑटोरन विंडोज ९५ पासून होतं. सीडी घातली की तिच्यातली एक छोटी फाइल वाचून प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हायचा. पुढे व्हायरसवाल्यांनी तीच सोय पेन ड्राइव्हवर वापरली. २००८ चा कॉनफिकर त्यातूनही पसरला. मग विंडोज ७ पासून पेन ड्राइव्हवरचं ऑटोरन बंदच केलं, आणि २०११ मध्ये एक्सपी आणि व्हिस्टालाही तसा अपडेट दिला. आज जे उघडतं ते ऑटोप्ले. ते नुसतं विचारतं किंवा फोल्डर दाखवतं. म्हणजे माझ्या मशीनवर आपोआप काही शिरत नव्हतं, नुसती खिडकी उघडत होती. त्या शॉर्टकटच्या व्हायरसलासुद्धा कोणीतरी शॉर्टकटवर क्लिक करावं लागतं. ते क्लिक मीच केलं असणार त्या वेळी, असो.

स्विच बंद करायचा नसेल तर त्याच पानावर खाली 'रिमूव्हेबल ड्राइव्ह' आणि 'मेमरी कार्ड' अशा दोन वेगळ्या याद्या आहेत. माझ्यासारख्या दुकानदाराने दोन्हीकडे 'टेक नो अ‍ॅक्शन' करावं. फोटोवाला असाल तर कार्डापुरतं 'आस्क मी एव्हरी टाइम' ठेवा. विंडोज १० मध्ये हेच पान 'डिव्हायसेस'खाली आहे. आणि जुन्या एक्सपीत तर एकाच वेळेपुरतं नको असलं की शिफ्ट दाबून धरून पेन ड्राइव्ह लावला तरी पुरायचं. शिफ्ट! बावीस वर्षं मी त्या बटणावर करंगळी ठेवून बसले आहे. पण एवढ्याने सगळं सुरक्षित झालं असंही समजू नका. पेन ड्राइव्हसारखं दिसणारं आणि लावल्यावर स्वतःला कीबोर्ड म्हणवून घेणारं यंत्रही असतं, त्याला हा स्विच अडवत नाही. रस्त्यात सापडलेला ड्राइव्ह लावू नका.

आता सरकारी कथा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन मी साडेसहाला केला. पावणेसहा तास वाया घालवून. तुम्ही पहिल्या मिनिटाला करा, आधी नवऱ्याला नाही, भाच्याला नाही, १९३० ला. तक्रार नोंदली गेली आणि ४६,३०० पैकी ७,४०० पुढच्या कुठल्या तरी खात्यात गोठवले गेले. बाकीचे तोवर तीन खाती फिरून एटीएममधून निघालेले.

बँकेत दुसऱ्या दिवशी. कोणती ते लिहीत नाही, माझं खातं अजून तिथेच आहे. काउंटरवरच्या पोराने मान वर न करता विचारलं, "ओटीपी तुम्हीच दिला ना?" दिला. "मग?" एवढंच. मी रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक माझ्याच मशीनवर काढून नेलं होतं. त्याने ते शांतपणे उलटून त्यातलंच एक कलम मला दाखवलं. ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. माझं सगळं नुकसान कळवण्याआधीचं. आणि यूपीआयचे ५,२१९? "ते तर तुम्ही स्वतः पाठवलेत, त्यात फसवणूक कुठली?" मागे रांगेतले एक आजोबा च्च च्च करत होते. कोणासाठी ते कळलं नाही.

पोलिसांकडे चार फेऱ्या. पहिल्या दिवशी पालखीचा बंदोबस्त, "माउली गेल्या की या." माउली गेल्या, मी गेले. तेव्हा हद्दीचा प्रश्न निघाला. दुकान एका हद्दीत, बँकेची शाखा दुसऱ्या, राहायला मी सिंहगड रोडला. तिघांनी मला तिघांकडे पाठवलं. आता माहीत झालंय की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते. हे त्यांना माहीत नसेल का? मी भीत भीत तो कलमाचा आकडा म्हटला तर साहेब म्हणाले, "एमपीएससी करताय का?" खो खो हसले सगळे.

तिसऱ्या फेरीला सांगितलं, स्क्रीनशॉट, बँकेचं स्टेटमेंट, बिल, सगळं पेन ड्राइव्हमध्ये आणा. आणलं. तिथल्या कॉम्प्युटरला यूएसबी बंद. सुरक्षिततेसाठी, म्हणे. मी म्हटलं, उत्तम आहे, पण मग पेन ड्राइव्ह मागितलात कशाला? "प्रिंट आणा." ४३ पानं, दोन प्रती, माझ्याच टोनरवर. गोठवलेल्या ७,४०० साठी कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. वकिलाने फी ५,००० सांगितली.

चौथ्या फेरीला दुसऱ्या टेबलावर पाठवलं. तिथल्या मशीनला यूएसबी चालू होतं. हवालदारांनी माझा पेन ड्राइव्ह लावला आणि खिडकी धाडकन त्यांच्या अर्ध्या टाइप केलेल्या जबाबावर येऊन बसली. "हे एक च्यायला रोजचं," ते पुटपुटले, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, तुमचं दुकान आहे ना कॉम्प्युटरचं? हे बंद कसं करायचं?"

मी माउस घेतला. सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, ऑटोप्ले, ऑफ. ते खूश झाले, चहा मागवला. अर्जावर पोच मागितली तर म्हणाले, शिक्का साहेबांच्या कपाटात आहे आणि साहेब जेवायला गेलेत.