फॉरमॅटच्या आधी प्रश्न विचारणारं दुकान (कॉम्प्युटर रिपेअर, जळगाव, पाचपैकी चार स्टार)

चार स्टार देतोय, पाचवा का कापला ते खाली येईलच. मी अमळनेरला राहतो, लग्नपत्रिका, बॅनर, गंधमुक्तीची (मृत्यूनंतरच्या विधीची) कार्डं असलं डीटीपीचं काम करतो, आणि नुसतं विंडोज टाकायला सीपीयू घेऊन जळगावला निघालो तेव्हा आप्पा म्हणाले, "फॉरमॅटले जळगाव? आठे काय दुकानं नहीत का?" आहेत ना, दुकानं आहेत म्हणूनच तर निघालो होतो.

दोन वर्षांपूर्वी गावातच एकाकडे दिला होता, नाव घेत नाही, माणूस वाईट नाही. त्याने एकच विचारलं, डेटा कुठंय? मी म्हटलं सगळा डी ड्राइव्हला. त्याने पेनड्राइव्ह लावला, विंडोज असतं तो सी ड्राइव्ह उडवला, नवीन विंडोज टाकलं, दोन तासात चारशे रुपये घेऊन मोकळा. घरी येऊन बघतो तर एकूण एक फाइल जागेवर, मनात म्हटलं वा. मग कोरेल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडलं. माझे सगळे टूलबार गायब, शॉर्टकट गायब, हळदीच्या पत्रिकांसाठी बनवलेली पिवळ्या-केशरी रंगांची पॅलेट गायब. आणि खरा दणका वर्डमध्ये बसला. मी मजकूर वर्डमध्ये टाइप करतो आणि ऑटोकरेक्टमध्ये सहा वर्षं एकेक करून तीनशेच्या वर शॉर्टकट भरले होते, "आकृ" टाकून स्पेस दिला की "आमचे येथे श्रीकृपेकरून" अख्खं उमटायचं, "चिसौ" ला "चि. सौ. कां.", शिवाय गावांची नावं, आडनावं, मंगल कार्यालयांचे पत्ते. सगळं साफ. त्या माणसाला भांडायला जावं तर कशावरून, त्याने डेटा वाचवला होता की. सेटिंग म्हणजे डेटा नाही, ती सी मध्येच कुठेतरी लपून बसते, हे तेव्हा ना त्याने मला विचारलं ना मला माहीत होतं.

यावेळी एप्रिलमध्ये, ऐन लग्नसराईत, परत तेच. चालू व्हायला बारा मिनिटं, मधेच निळी स्क्रीन, हार्डडिस्कमधून टिकटिक. पाहुण्यांपैकी एकाने या दुकानाचा नंबर दिला, फोन लावला तर पलीकडून पहिलाच प्रश्न, "विंडोज चालू होतंय का अजून? होत असेल तर काही डिलीट करू नका, कुणाला हात लावू देऊ नका, आहे तसा आणा." इथेच मला माणूस बरा वाटला. सीपीयू गोधडीत गुंडाळला आणि भुसावळकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये मांडीवर घेऊन बसलो, शेजारच्या आजी धरणगावपर्यंत विचारत होत्या, "टीव्ही शे का भाऊ?"

दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, दोन माणसं, एक कूलर आणि तोही त्यांच्याकडे वळवलेला. काम करणारा पोरगा पंचविशीतला असेल. त्याने सीपीयू लावायच्या आधी एका जुन्या बिलाच्या पाठीमागे लिहायला घेतलं, "दादा, रोज काय काय उघडता ते सांगा, आणि त्यात तुम्ही स्वतः हाताने काय बदललंय ते सांगा." मी सांगत गेलो, कोरेल, वर्ड, फोटोशॉप, श्रीलिपी (मराठी फॉन्टचं), क्रोम, फायरफॉक्स, बायको दोन दुकानांच्या हिशोबाची टॅली करते ती, आणि एक जुनं पावतीचं सॉफ्टवेअर ज्याची सीडी पण आता नाही. अर्धा तास नुसता यातच गेला.

मग त्याने मला स्क्रीनसमोर बसवून दाखवलं. सी मध्ये यूजर्स, त्यात आपल्या नावाचा फोल्डर, आणि व्ह्यूमध्ये जाऊन हिडन आयटम्सवर टिक केली की त्यातच ॲपडेटा नावाचा फोल्डर फिकट रंगात दिसायला लागतो. आत तीन खोल्या, रोमिंग, लोकल, लोकल-लो. जास्त करून आपल्या सवयी रोमिंगमध्ये असतात, लोकलमध्ये बराचसा कचरा आणि थोडा माल. वर्डचे ते शॉर्टकट ज्या फाइलमध्ये असतात ती पण रोमिंगच्या आतच निघाली, नाव एमएसओ आणि पुढे भाषेचा नंबर, इंग्रजीचा १०३३, मराठीचा ११०२. एवढीशी फाइल हो. दोन वर्षांत परत भरलेली सगळी मेहनत आणि साइझ बघाल तर एका फोटोपेक्षा कमी. मी तर दोन मिनिटं नुसता बघतच बसलो.

पहिला प्रयत्न त्याने सोपा केला. विंडोज चालू असतानाच त्याच व्हर्जनची आयएसओ (विंडोज टाकायच्या अख्ख्या डिस्कची एकच फाइल) उघडून आतला सेटअप चालवायचा आणि फाइल्स व ॲप्स दोन्ही ठेवा हा पर्याय निवडायचा. असं केलं की विंडोज नवीन होतं आणि सॉफ्टवेअर, सेटिंग सगळं जागेवर राहतं. पेनड्राइव्हवरून बूट केलं की हा पर्याय मिळतच नाही, आणि सेटिंगमधल्या रीसेटमध्ये "माझ्या फाइल्स ठेवा" म्हटलं तरी आपण टाकलेले प्रोग्राम उडतात, लोक इथेच फसतात म्हणाला. माझ्याकडे ते अर्ध्यात अडकलं आणि परत जुन्यावर आलं, कारण डिस्कमध्येच बॅड सेक्टर, म्हणजे वाचताच न येणारे खराब भाग. मी म्हटलं मग क्लोन, म्हणजे अख्ख्या डिस्कची नक्कल, मारा ना एसएसडीवर (चिपवाली जलद डिस्क). तर म्हणे, "मारतो ना, पण हे बिघडलेलं विंडोज जसंच्या तसं तिकडे जाईल, निळी स्क्रीन पण सोबत येईल." पटलं.

मग नवीन एसएसडी, त्यावर कोरं विंडोज, आणि जुनी डिस्क न पुसता बाजूला. हे मला फार आवडलं, त्याने सांगितलंच की महिनाभर ही डिस्क कुणी फॉरमॅट करायची नाही. नाहीतर बरेच जण जुन्यावरच नवीन विंडोज टाकतात, जुनं सगळं विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये जातं, गिऱ्हाईक निवांत राहतं आणि साधारण दहा दिवसांनी विंडोज तो फोल्डर स्वतःच उडवून टाकतं.

टॅलीचं लायसन्स त्याने जुनं विंडोज चालू असतानाच सरेंडर करून, म्हणजे तिथून मोकळं करून, घेतलं, नवीनवर परत ॲक्टिव्हेट केलं. कोरेलचं वर्कस्पेस (टूलबार, शॉर्टकटची मांडणी) आतूनच एक्सपोर्ट करून घेतलं आणि नवीनवर आधी तेच व्हर्जन टाकून मग इम्पोर्ट केलं, व्हर्जन बदललं की ही गंमत नीट चालेल याची खात्री नाही म्हणे. श्रीलिपीला डोंगल (लायसन्सची यूएसबी किल्ली) आहे त्यामुळे तिथे डोकेदुखी नव्हती. फायरफॉक्सचा प्रोफाइल फोल्डर उचलून ठेवला तर बुकमार्क, पासवर्ड सगळं आलं.

पण बघण्यासारखं काम त्या पावतीच्या सॉफ्टवेअरचं होतं. त्याच्या सेटिंग फोल्डरमध्ये नव्हत्याच, रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या वहीत) होत्या, पावतीचा साइझ, प्रिंटरचं मार्जिन, सगळं. पोराने जुन्या डिस्कवरची एनटीयूजर डॉट डॅट फाइल (माझ्या यूजरची रजिस्ट्री हिच्यात असते) नवीन विंडोजच्या रजिस्ट्री एडिटरमध्ये लोड हाइव्ह करून घेतली, तिला "जुना" असं नाव दिलं, त्यातली त्या सॉफ्टवेअरची तेवढीच "की" (नोंदींचा कप्पा) एक्सपोर्ट केली. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर जागोजागी पत्ता "जुना" चा, तो फाइंड-रिप्लेस मारून करंट यूजरचा केला, सेव्ह केलं, डबल क्लिक. सॉफ्टवेअर उघडलं आणि पावती पहिल्या झटक्यात बरोबर मापात निघाली. मी विचारलं अख्खी रजिस्ट्रीच का नाही उचलत, तर हसला, म्हणे मग नवीन विंडोज टाकलं कशाला दादा.

आता पाचवा स्टार. क्रोम. त्याने क्रोमचा पण फोल्डर कॉपी केला, बुकमार्क आले, पासवर्ड एक नाही. क्रोमचे पासवर्ड जुन्या विंडोजच्या लॉगिनशी बांधलेल्या किल्लीने लॉक असतात, नुसता फोल्डर नेऊन उघडत नाहीत, हे त्याला माहीत होतं (नंतर त्यानेच समजावलं) पण मी गूगल अकाउंटने सिंक केलंय असं त्याने गृहीत धरलं आणि विचारलं नाही. एवढे प्रश्न विचारणारा माणूस नेमका हा प्रश्न विसरला. मला घरी आल्यावर कळलं, गिऱ्हाईक समोर बसलेलं आणि पेपरवाल्याच्या जाहिरातीचं लॉगिन होईना. जुनी डिस्क घेऊन परत जळगाव, ती लावून जुनं विंडोज कसंबसं चालू केलं, क्रोममधून पासवर्डची फाइल एक्सपोर्ट केली, नवीनमध्ये इम्पोर्ट केली आणि मग ती फाइल त्याने माझ्यासमोर डिलीट केली कारण त्यात सगळं उघडं लिहिलेलं असतं. पैसे घेतले नाहीत, चहा पाजला, पण माझा लग्नसराईतला अख्खा दिवस गेला तो गेला. शिवाय मंगळवारी देतो म्हणून शुक्रवारी दिला. फोन केला की "होतंय दादा, होतंय".

मजुरी अकराशे घेतली, एसएसडी वेगळी. चारशेच्या जागी अकराशे म्हटल्यावर आप्पा परत बोललेच, त्यांना मी "आकृ" टाइप करून दाखवलं, ते म्हणाले बरं.

एक गोष्ट त्याने न विचारता सांगितली. माझं मशीन चौथ्या जनरेशनचं आय-फाइव्ह, त्यावर विंडोज ११ नियमाने बसत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. जुगाड करून ११ टाकून देणारे आहेत, याने टाकलं नाही, १० च टाकून वाढीव सिक्युरिटी अपडेटला नाव नोंदवून दिलं आणि पुढच्या सीझनच्या आत मशीन बदला असं स्पष्ट म्हणाला. मशीन त्याच्याकडे विकायला असूनही दाखवलं नाही.

ज्यांच्या कॉम्प्युटरवर फक्त सिनेमे आणि फोटो आहेत त्यांनी एवढ्या लांब जायची गरज नाही. टॅलीवाले, डीटीपीवाले, सीएकडे काम करणारे असाल तर जा, पण दुकानात पोचल्या पोचल्या क्रोमचं आपणहून सांगा. सकाळी अकराच्या आधी शटर उघडत नाही, गाडी लावायला जागा नाही. कीबोर्ड, माउस, वायरी काही नेऊ नका, त्यांच्याकडे आहेत, मी उगाच पिशवीभर नेल्या आणि माझी चांगली पॉवर केबल तिथेच राहिली.