‘पाणी उरतच नाही काका’ म्हणणाऱ्या बायो टाकीवाल्यांपासून सावध

‘संडासची सरकारी संशोधनातली बायो टाकी आहे, कधीच उपसावी लागत नाही, 20 वर्षांची गॅरंटी’ असं सांगत कोणी दारात आलं, तर चहा टाकण्याआधी हे वाचा. दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात मागच्या उन्हाळ्यात अशी टाकी आमच्या आणि आणखी काही घरी बसली. पैसे गेले ते गेलेच, वरून अख्खा पावसाळा घाणीत काढला.

ही मंडळी येतात बरोबर वेळ साधून. कापूस-तूर विकून हातात चार पैसे आलेले असतात, घराची कामं निघालेली असतात. आमच्याकडे आलेला माणूस बोलायला गोड. बाबांना काका, आईला मावशी. गळ्यात ओळखपत्र, मोबाईलमध्ये रेल्वेच्या डब्याखालच्या टाक्यांचे फोटो. ‘डीआरडीओनं (संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेनं) सियाचीनच्या जवानांसाठी काढलेलं तंत्र आहे, तेच तुमच्या घरी’, असं म्हणाला. यातली गोम अशी की हे तंत्र खोटं नाही. डीआरडीओचं बायो-डायजेस्टर, म्हणजे जिवाणूंनी मैला कुजवणारी टाकी, खरंच आहे आणि रेल्वेच्या डब्यांनाही ते बसवलं आहे. पण ते बनवण्याचा परवाना डीआरडीओ कंपन्यांना रीतसर देते. आमच्या माणसाकडे त्या परवान्याची झेरॉक्स होती, अन् तीही इतकी पुसट की कंपनीचं नाव वाचता येत नव्हतं.

शेजारचे मिस्त्रीकाका तेवढे आडवे आले. त्यांनी एकच विचारलं, “थे सारं ठीक हाय भाऊ, पन पानी जाईन कुठी?” त्यावर हा म्हणतो, “पाणी उरतच नाही काका, जिवाणू सगळं खाऊन टाकतात.” मैला कुजवणारे जिवाणू असतात हे खरं, पण पाणी खाणारा जिवाणू अजून जन्माला यायचा आहे. टाकी कोणतीही असो, जितकं पाणी आत जातं जवळपास तितकंच बाहेर पडतं, आणि ते स्वच्छ नसतं.

मिस्त्रीकाका हटेनात, तेव्हा त्यानं जे करून दाखवलं ते नीट लक्षात ठेवा. मे महिना, अंगणामागच्या रिकाम्या जागेत हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. त्यानं आईकडून बादलीभर पाणी मागून घेतलं, भेगेच्या तोंडाशी ओतलं. डोळ्यांदेखत बादली जिरली. “बघा, तुमची जमीन किती पाणी पिते! थोडंफार उरलं तर हा ड्रम बस झाला,” म्हणत त्यानं भोकं पाडलेला एक प्लास्टिकचा ड्रम दाखवला. उभे असलेले सगळे गार पडले.

आपली जमीन खारपाणपट्ट्यातली, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारट असलेल्या भागातली. अमरावती, अकोला, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यातली ही भारी काळी चोपण माती उन्हाळ्यात आकसून फाटते आणि पाणी लागलं की फुगून भेगा मिटवून टाकते. बादली जिरली ती भेगेत पडली म्हणून, मातीनं प्यायली म्हणून नव्हे. जून-जुलैत त्याच जागी टाचेच्या खड्ड्यात पाणी दिवसदिवस साचून राहतं. खोदून मुरूम लागेल म्हणावं तर इकडे कितीही खाली गेलं तरी काळीच. हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही. बादली त्यानं बरोबर भेगेवरच ओतली होती.

खरी तपासणी वेगळी असते. खड्डा करून तो पाण्यानं भरायचा, रात्रभर माती भिजू द्यायची, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी घालून पट्टी लावून बसायचं. 25 मिलिमीटर पाणी उतरायला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागला तर तिथे शोषखड्डा चालत नाही. तासापेक्षा जास्त लागला तर जमिनीत पाणी मुरवण्याचा नादच सोडावा. सेप्टिक टँकचं भारतीय मानक आयएस 2470 हेच सांगतं. ओल्या जमिनीवर हे करून दाखवा म्हटलं की अर्धे विक्रेते तिथूनच गाडीला किक मारतील.

टाकी आली ती 500 लिटरची, घरात माणसं सहा. मानकाप्रमाणे पाच माणसांच्या सेप्टिक टँकलाच दीड मीटर लांबी, पाऊण मीटर रुंदी आणि मीटरभर पाण्याची खोली लागते, म्हणजे हजार लिटरच्या वर. त्यात यानं न्हाणीचं आणि भांड्यांचंही पाणी संडासच्या टाकीतच जोडायला लावलं. गाळ खाली बसायला पाणी निदान दिवसभर आत थांबायला हवं. इथे आत गेलं की ढवळून बाहेर. सोबत ‘कल्चर’चा पाच लिटरचा कॅन दिला होता. वास गुळाचा आणि शेणाचा. दर तीन महिन्यांनी 900 रुपयांचा नवा कॅन घ्यायचा होता. सेप्टिक टँकला असलं काही विरजण लागत नाही. लागणारे जिवाणू मैल्यातूनच येतात.

पहिला जोराचा पाऊस झाला आणि संडासचं पाणी उतरेना. ड्रम काठोकाठ भरलेला, तोच घाण पाझर नळाच्या पाइपवरून वाहत नालीकडे चाललेला. हे नुसतं वासापुरतं नसतं. नळाचा पुरवठा बंद असताना पाइपमधला दाब जातो आणि कुठे सांधा गळका असला तर बाहेरची घाण आत ओढली जाते. फोन लावला तर ‘जिवाणू मेले, कॅन टाका’. नंतर फोनच बंद.

शेवटी दर्यापूरहून मैला उपसणारी गाडी बोलावली. टाकी रिकामी झाली आणि त्याच रात्री पुन्हा पाऊस. सकाळी पाहतो तर टाकी जमिनीबाहेर वीतभर वर आलेली, झाकण तिरपं, संडासचा एल्बो तुटून लोंबतोय. चारही बाजूंनी माती पाण्यानं भरली की 500 लिटरच्या रिकाम्या टाकीला पाणी जवळपास अर्ध्या टनाच्या जोरानं वर ढकलतं. प्लास्टिकची टाकी काँक्रीटच्या पायावर पट्ट्यांनी बांधावी लागते, आणि पावसाळ्यात पूर्ण रिकामी तर करूच नये. यानं खाली रेतीसुद्धा टाकली नव्हती.

टाकी काढून धुतल्यावर मिस्त्रीकाकांनी ग्राइंडरनं कापली. खऱ्या बायो-डायजेस्टरला आत कप्पे असतात. इथे एकही पडदा नाही. तळाला कांद्याची लाल जाळीची पिशवी, तिच्यात बाटल्यांची झाकणं भरलेली. पत्रकातलं ‘जिवाणूंचं घर’ ते हेच. काका हसून हसून खाली बसले, आम्हाला मात्र 38,000 रुपये आठवत होते.

आता विटांची, दोन कप्प्यांची टाकी बांधली आहे, त्यात फक्त संडासचं पाणी. तिच्यातून निघणारं पाणी जमिनीत न घालता जमिनीच्या वर, विटांचा कट्टा करून भरलेल्या गिट्टी-रेतीच्या वाफ्यात सोडलं, वर कर्दळ लावली. न्हाणीचं पाणी वेगळं, केळीला. व्हेंट पाइपला डासांची जाळी. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागणार, तीही गाडीनंच. माणूस आत उतरवायचा नाही, विषारी वायूनं जीव जातो, आणि संरक्षक साधनांशिवाय कुणाला आत उतरवणं हा 2013 च्या हातानं मैला साफ करण्याला बंदी घालणाऱ्या कायद्यानं गुन्हाही आहे. तुमच्याकडे मुरमाड जमीन असेल तर एवढा खटाटोप नको, दोन शोषखड्ड्यांचा संडास स्वस्तात उत्तम चालतो. फक्त पिण्याच्या विहिरीपासून लांब घ्या.

त्या माणसानं ‘12,000 रुपये सबसिडी परत मिळवून देतो’ म्हणून आधार कार्ड आणि पासबुकच्या झेरॉक्सही नेल्या. स्वच्छ भारतचं अनुदान पात्र कुटुंबाला ग्रामपंचायत आणि पंचायत समितीमार्फत थेट खात्यात मिळतं, त्यात दलाल नसतो. ज्यांनी झेरॉक्स दिल्या त्यांनी बँकेत जाऊन खात्याचे व्यवहार तपासून घ्या. आम्हाला मिळालेल्या बिलावर जीएसटी क्रमांक नव्हता, पैसे कंपनीच्या नव्हे तर कुणा बाईच्या नावच्या खात्यावर गेले, आणि पत्रकावरच्या नागपूरच्या पत्त्यावर भलतंच दुकान निघालं.

पोलिसांत अर्ज दिला आहे. ग्राहक आयोगाचंही ठरलं आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची. 1915 या हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. एकाच माणसानं फसवलेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीनं मिळून एक तक्रार करता येते, म्हणून आसपासच्या गावांतली अशी घरं शोधतो आहोत. तुमच्याकडे ती टाकी असेल तर भंगारात देऊ नका. पत्रक, बिल, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि त्याचे व्हॉट्सॲपवरचे आवाज जपून ठेवा, आणि टाकी कापाल तेव्हा आतल्या पिशवीचा फोटो काढून घ्या.