सात गाड्या गेल्या, गाळ तिथेच राहिला

ठाण्याजवळच्या दिव्यात आमची सोळा फ्लॅटची चार मजली बिल्डिंग आहे. आमच्या गल्लीत भुयारी गटाराची लाइन अजून आलेली नाही. सोळाही घरांच्या संडासाचं पाणी बिल्डिंगच्या मागे असलेल्या सेप्टिक टँकमध्ये जातं आणि तिथून शोषखड्ड्यात. मी सोसायटीची खजिनदार आहे. गेल्या पावसाळ्यात माझ्या सहीने ३२,८०० रुपये एका माणसाला गेले आणि त्यातलं काहीच सोसायटीच्या उपयोगी पडलं नाही. घरामागे २,०५० रुपये. आमच्याकडे अशी दोन-तीन घरं आहेत जिथे महिन्याचा मेंटेनन्ससुद्धा दोन हप्त्यांत येतो. त्यांचे पैसे होते ते.

जुलैच्या शेवटी तळमजल्यावरच्या आजींनी सांगितलं की फ्लश केलं की पाणी हळूहळू उतरतंय आणि मोरीत वास येतोय. शेवटची टाकी कधी साफ केली ते कुणालाच नक्की आठवेना. मी फोनवर शोधलं, पहिला जो नंबर आला तो लावला. पलीकडचा माणूस अदबीने बोलला, ‘‘ताई, काळजी करू नका, आमच्याकडे महापालिकेची परवानगी आहे, दीड तासात गाडी पाठवतो.’’ परवानगीचा कागद बघायला मागायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. भाव सांगितला गाडीमागे २,२०० रुपये, पाच हजार लिटरची मैला उपसायची गाडी. शेजारच्या बिल्डिंगवाल्यांनी आदल्या वर्षी गाडीमागे ३,००० दिले होते, म्हणून मला तर हे स्वस्तच वाटलं.

गाडी आली. त्याने मागचं एक झाकण उचकटलं आणि मला हाक मारली. ‘‘हे बघा ताई, काठोकाठ भरलीये. आज नाही उपसली तर उद्या तळमजल्याच्या घरात येईल.’’ आत खरंच काळं पाणी वरपर्यंत होतं. मी घाबरले.

इथेच मी फसले, म्हणून जरा थांबून सांगते. सेप्टिक टँक नेहमीच भरलेला असतो. तो पाण्याच्या टाकीसारखा रिकामा होत नाही. जड मैला तळाला बसतो, तेलकट साय वर तरंगते, मधलं पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपच्या उंचीला पोचलं की जितकं आत येतं तितकंच बाहेर पडतं. आज सगळी टाकी उपसली तरी आमच्या सोळा घरांच्या वापराने ती पाच-सहा दिवसांत पुन्हा त्याच पातळीला येते. त्यामुळे झाकण उघडून ‘भरलीये’ दाखवणं म्हणजे काहीच दाखवणं नाही. बघायचं असतं ते तळाला गाळ किती साचलाय हे, आणि ते वरून दिसत नाही.

त्या दिवशी सात गाड्या गेल्या. पाइप टाकीत सोडला होता आणि त्याचा पोऱ्या शेजारी नळाला होज लावून त्याच झाकणातून पाणी सोडत होता. ‘‘गाळ घट्ट आहे, पाण्याने सैल करावा लागतो,’’ असं मला सांगितलं. गाळ सैल करायला पाणी मारतात हे खरं आहे, पण ते जोराने, गाळावर, थोडा वेळ मारतात. इथे होज दोन तास नुसताच वाहत होता. दिव्यात पाण्याची काय किंमत आहे ते इथे राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. त्या संध्याकाळी आमची वरची टाकी सातच्या आत संपली आणि चौथ्या मजल्यावरच्या वहिनी बादल्या घेऊन खाली आल्या. आमचंच पाणी टाकीत ओतून, तेच उपसून, त्याचेच पैसे आम्ही मोजले, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

सात गाड्यांचे १५,४०० झाले. मग त्याने तीन डबे काढले, ‘बॅक्टेरिया पावडर’, डब्याला १,८०० रुपये. ही टाकली की पाच वर्षं गाळ होणार नाही म्हणाला. ५,४०० गेले. शेवटी वर्षभराचा मेंटेनन्स, १२,००० आगाऊ: कधीही चोकअप झालं तर फुकट येणार. हे बारा हजार फोनवरून ट्रान्सफर केले, बाकीचे रोख. पावती मिळाली ती साध्या बिलबुकातली, तिच्यावर ना गाडीचा नंबर, ना पत्ता, ना जीएसटी.

काही आठवडे बरे गेले. गणपतीला चार दिवस उरले असताना सकाळी आजींच्या घरात संडासातून पाणी उलटं आलं. पॅसेजपर्यंत आलं. त्यांच्या घरात दीड दिवसाचा गणपती असतो, मखराची खोली आदल्या दिवशी धुऊन पुसून ठेवलेली. आजी एक शब्दही मला बोलल्या नाहीत. नुसत्या दारात उभ्या होत्या, साडीचा काठ वर धरून.

फोन केला. मेंटेनन्स घेतला होता म्हणून तो आला, तीच गाडी, दोन मुलं. झाकणात एक काठी घालून बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, गाळ दगडासारखा झालाय, सक्शनला येत नाही, माणूस उतरवावा लागेल. माणसामागे १,५०० वेगळे. मी काही बोलायच्या आत एका मुलाने शर्ट काढला आणि ओला गमछा नाकाला बांधला. वीस-बावीस वर्षांचा असेल. पायात स्लिपर.

मी झाकणासमोर जाऊन उभी राहिले. मला ढोकाळी आठवली. मे २०१९ मध्ये आपल्याच ठाण्यात, ढोकाळीतल्या एका सोसायटीच्या सांडपाणी प्रक्रियेच्या टाकीत साफसफाईला उतरलेले तीन कामगार मेले. टाकीत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साचतो. थोडा असताना कुजलेल्या अंड्याचा वास येतो, जास्त झाला की नाकाला वासच कळेनासा होतो, त्यामुळे ‘आता वास नाही, उतरायला हरकत नाही’ असं वाटतं तेव्हाच सगळ्यात जास्त धोका असतो. गमछ्याने गॅस अडत नाही. आणि पहिला कोसळला की त्याला काढायला दुसरा उतरतो.

ठेकेदार म्हणाला, ‘‘ताई, पाच मिनिटांचं काम आहे, रोज करतात ही पोरं.’’ मी त्याला सांगितलं की माणसाकरवी मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सेप्टिक टँकमध्ये सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे, पहिल्या गुन्ह्यालाच दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि कायद्यात कुणीही माणूस असं काम करवून घेणार नाही असं म्हटलंय, म्हणजे सोसायटीही आली. अध्यक्ष काका मागून म्हणाले, ‘‘आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी उतरणार नाही, विषय संपला.’’ तो मुलगा शर्ट घालता घालता मला म्हणाला, ‘‘मग आजची मजुरी गेली ना ताई.’’ मी गप्प राहिले. त्याचं नावही विचारलं नाही. ३२,८०० रुपयांपेक्षा हे मला जास्त टोचतं.

ही वादावादी चालू असताना माझ्या मिस्टरांनी एक काम केलं. टेप आणून गाडीची टाकी मोजली. बाहेर मोठ्या अक्षरात ‘५,००० लि.’ रंगवलेलं. आडवा पिंप, व्यास चार फूट, लांबी आठ फूट. म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे जेमतेम २,८०० लिटर. मग आम्ही बिल्डरच्या जुन्या नकाशात आमचा सेप्टिक टँक बघितला. आतून लांबी १५ फूट, रुंदी ६ फूट, पाण्याची खोली ५ फूट. ४५० घनफूट. घनफुटाला साधारण २८ लिटर धरले तर साडेबारा हजार लिटर. आमची अख्खी टाकी साडेबारा हजाराची आणि आमच्याकडून पैसे घेतले होते पस्तीस हजार लिटरचे! हा गुणाकार आधी केला असता तर तिसऱ्या गाडीनंतर मी त्याला थांबवलं असतं.

वॉचमनने गेटच्या कॅमेऱ्याचं फुटेज काढलं. दोन फेऱ्यांच्या मध्ये गाडी वीस-बावीस मिनिटांत परत आलेली दिसते. मैला पालिकेच्या प्रक्रिया केंद्रात न्यायचा असतो. इथून गाडी नुसती रेल्वेच्या फाटकात अडकली तरी वीस मिनिटं जातात. म्हणजे एकतर गाडी कुठे रिकामी झालीच नाही, नाहीतर आमचा मैला जवळच्या नाल्यात गेला आणि तिथून खाडीत. दोन्हींतलं काय झालं ते मी सांगू शकत नाही.

खरा उलगडा आजींच्या कोरफडीने केला. टाकीला दोन झाकणं आहेत. संडासाची लाइन पहिल्या कप्प्यात येते, मैला तिथे बसतो, मधल्या भिंतीच्या भोकांतून नुसतं पाणी दुसऱ्या कप्प्यात जातं. त्याने दोन्ही वेळा उघडलं ते दुसऱ्या कप्प्याचं झाकण. पहिल्या झाकणावर आजींची कोरफडीची कुंडी होती. ती जुलैतही तिथेच होती, गणपतीतही तिथेच. कुंडी हलवली तर खाली तिचा गोल डाग आणि झाकणाच्या कडेचं जुनं सिमेंट सगळीकडून सलग, त्यावर शेवाळ. वर्षानुवर्षं ते झाकण हललेलंच नव्हतं. गाळ जिथे असतो तो कप्पा कुणी उघडलाच नव्हता.

शेजारच्या बिल्डिंगवाल्यांकडून त्यांचा माणूस बोलावला, तोच गाडीमागे ३,००० वाला. त्याने आल्या आल्या दोन्ही झाकणं उघडली, सगळ्यांना लांब उभं केलं, अर्धा तास काहीच केलं नाही, नुसती हवा जाऊ दिली. मग एका लांब बांबूच्या टोकाला जुना पांढरा टॉवेल गुंडाळून तो तळापर्यंत सरळ खाली सोडला, दोन-तीन मिनिटं धरला, हळूच वर काढला. टॉवेलवर खालून जिथपर्यंत काळा चिखल लागला तिथपर्यंत गाळ. चौतीस इंच. पाच फूट पाण्यात वीस इंच, म्हणजे एक तृतीयांश, झाला की गाडी बोलवावी, असं त्याने सांगितलं. घरगुती टाकीला साधारण दोन-तीन वर्षांनी ही वेळ येते. वर सायीचा थर पाइपच्या तोंडापर्यंत आलेला आणि त्यात सॅनिटरी पॅड, वेट टिश्यू, लहान मुलांचे डायपर अडकलेले. चोकअप ते होतं.

तीन गाड्यांत काम झालं. प्रत्येक वेळी गाडीच्या मागच्या काचेत पातळी दाखवून मगच निघाला. कुणी आत उतरलं नाही. वरून जेटचं पाणी आणि बांबूने ढवळत गाळ ओढला. पाइप मोकळा करायचे १,५०० धरून १०,५०० रुपये. पावडरीचं विचारलं तर म्हणाला, मैल्यात जंतू आधीच असतात, म्हणून तर मी तळाला थोडा गाळ ठेवतो. डब्याने बसलेला गाळ नाहीसा होत नाही.

पहिल्या माणसाचा फोन त्यानंतर बंदच लागतो. पोलिसांत तक्रार अर्ज दिला, ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर नोंदवलं. पैसे परत आलेले नाहीत. रोख दिल्यामुळे आणि पावतीवर गाडीचा नंबर नसल्यामुळे आमच्या हातात पैसे दिल्याचा बारा हजारांच्या ट्रान्सफरशिवाय ठोस पुरावाच नाही. तुम्ही गाडी बोलावलीत तर आधी नंबरप्लेटचा फोटो काढा, गाडीवर रंगवलेला आकडा सोडा आणि टेप लावा, दोन्ही झाकणं तुमच्यासमोर उघडून आधी गाळ मोजायला लावा, आणि भाव गाडीमागे न ठरवता पूर्ण टाकीचा ठरवा. कुणी माणूस उतरवायची भाषा केली तर त्याला त्याच क्षणी बाहेर काढा. अशा वेळी १४४२० या हेल्पलाइनला फोन करता येतो.

गाळ स्वतः मोजणार असाल तर दोघांनी मिळून, झाकण उघडल्यावर बराच वेळ थांबून, तोंड बाजूला ठेवून मोजा. काडी, सिगारेट, दिवा जवळ आणू नका, मिथेन असतो. पोरांना तिथे फिरकू देऊ नका, आणि काही आत पडलं तर ते गेलं समजा.

आमचा बांबू आता मीटर रूममध्ये उभा असतो, त्यावर वीस इंचाला लाल रंगाची खूण आहे. आजींची कोरफड जिन्याजवळ गेली. परवा मी आणि अध्यक्ष काकांनी मोजलं, पाच इंच आलं. तारखेसह रजिस्टरात लिहिलं आणि खाली आजींनीही सही केली.