सम की खुरी? थारला निघालेल्या मुंबईकरांसाठी

नाताळच्या सुट्टीत जैसलमेर ठरलं, वांद्रे टर्मिनसहून सुटणाऱ्या साप्ताहिक गाडीचं तिकीटही मिळालं, की पुढचा प्रश्न येतोच: वाळूच्या टेकड्या बघायला समला जायचं की खुरीला? दोन्ही ठिकाणं जैसलमेरपासून साधारण ४०-५० किलोमीटरवर. सम पश्चिमेला, खुरी नैर्ऋत्येला.

सोबत लहान मुलं, सासूबाईंचे दुखरे गुडघे आणि हाताशी एकच संध्याकाळ असेल, तर सरळ सम. रस्ता चांगला, तंबूंच्या रांगा, खाण्यापिण्याची आबाळ नाही. फक्त सूर्यास्ताला तिथे रविवारची जुहू चौपाटी भरते आणि रात्री डीजे लागतो. वाळूवर टायरचे पट्टे एवढे, की वाऱ्याने काढलेली नक्षी शोधावी लागते.

मला विचाराल तर खुरी, आणि तेही मुक्कामाला. उजाडायच्या आत टेकडीवर चढा. वाऱ्याकडची बाजू सौम्य चढाची, तिथली वाळू दबलेली असते. माथा ओलांडला की पलीकडे तीस-चौतीस अंशांचा उतार; पाऊल टाकलं की वाळूचा थर सुटून खाली घसरतो. वारा इकडची वाळू माथ्यापर्यंत लोटतो, ती तिकडे कोसळते आणि अशी अख्खी टेकडी हळूहळू पुढे सरकते. ऊन चढायच्या आधी भुंगेऱ्यांच्या पायांच्या दुहेरी रेघा स्पष्ट दिसतात. नशीब असेल तर खोकडाची पावलंही.

पण निव्वळ वाळू बघून परत फिरू नका. इथल्या डेझर्ट नॅशनल पार्कच्या ३,१६२ चौरस किलोमीटरमध्ये टेकड्या जेमतेम एक पंचमांश. उरलेल्या खडकाळ माळावर आणि सेवण गवतात चिंकारा, सांडा (काटेरी शेपटीचा सरडा) आणि माळढोक. हो, आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजचं नाव ज्याच्यामुळे झालं, तोच. तिथे आता तो दिसणं दुरापास्त. देशात उरलेल्या सुमारे दीडशेंपैकी बहुतेक इकडेच. मादी बहुधा एकच अंडं घालते, त्यात या जड पक्ष्याला समोरच्या विजेच्या तारा वेळेवर दिसत नाहीत. माळढोक बघायला सुदासरीच्या संरक्षित कुरणाकडे पहाटे जीप घ्या. परवान्याचं आदल्या दिवशीच विचारून ठेवा. दुर्बीण हवीच, आणि दर्शनाची हमी कुणी दिली तर विश्वास ठेवू नका.

अर्धा दिवस उरलाच तर उंटाची दुसरी फेरी नको. बाडमेर रस्त्यावर १७ किलोमीटरवर आकल आहे. तिथे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलातले दगड झालेले ओंडके उघड्यावर पडलेत.