‘सगळे नंबर जुळतात’ म्हणून विकलेली आर्टिलरी लुगर

पहिल्या महायुद्धातलं लांब नळीचं जर्मन लुगर पिस्तूल, म्हणजे एलपी 08, संग्राहकांच्या बोलण्यात ‘आर्टिलरी’ असते. साध्या पी 08 ची, म्हणजे नेहमीच्या सैनिकी लुगरची, नळी साधारण 100 मिमी, हिची 200. मागची साइट 800 मीटरपर्यंत सरकते. साध्या पिस्तुलापेक्षा हिची किंमत बरीच जास्त, आणि सगळ्या भागांवर ठोकलेले नंबर एकमेकांशी जुळत असतील तर आणखी चढी. म्हणून साध्या पी 08 वर नवी लांब नळी बसवून तिची आर्टिलरी करणारे लोक आहेत.

अमेरिकेतल्या एका संग्राहकाला ऑनलाइन लिलावात अशीच एक गळ्यात पडली. जाहिरातीत ‘डीडब्ल्यूएम 1917, ऑल मॅचिंग, ओरिजिनल फिनिश’ असं लिहिलं होतं; डीडब्ल्यूएम म्हणजे लुगर बनवणारी जर्मन कंपनी. फोटो सगळे फ्लॅश मारून काढलेले, सुटे भाग उघडून दाखवलेला एकही नाही. सोबत ‘आजोबांनी युद्धातून आणली’ अशी चिठ्ठी. ज्या कागदावर पिस्तुलाचा नंबर नाही, त्याला आम्ही रद्दीच समजतो. युद्धातून शस्त्र आणल्याचे कोरे जुने फॉर्म भरून द्यायला कितीसा वेळ लागतो?

पार्सल आल्यावर मॅगझिन काढून, चेंबर रिकामं असल्याची खात्री करून पिस्तूल उघडलं. नळी थोडी मागे दाबून डावीकडचा टेकडाउन लिव्हर खाली फिरवला की साइड प्लेट निघते आणि वरचा भाग पुढे सरकून हातात येतो. फ्रेमची आतली बाजू गडद निळी होती. 1917 च्या लुगरला गंज-ब्लूइंग, म्हणजे पोलाद मुद्दाम हलकं गंजवून आणलेला निळा रंग, असे आणि फ्रेम आतून पांढरी, म्हणजे उघड्या पोलादाची, राहत असे. आतपर्यंत निळं दिसलं की पिस्तूल नंतर क्षारांच्या गरम टाकीत बुडवलंय हे समजायचं. नंतर लुगर बनवणाऱ्या मौझर कंपनीने ती पद्धत 1937 च्या सुमारास घेतली. ट्रिगर आणि सेफ्टी लिव्हर पितळेसारखे एकसारखे पिवळे चमकत होते, पण त्या चमकेखाली गंजाचे खड्डे. मूळ पिवळी झाक पातळ असते आणि अंगठा लागतो तिथे आधी उडते.

नळीवर तर काहीच शिल्लक नव्हतं. त्या काळच्या सैनिकी नळीखाली नंबरासोबत 8,82 (म्हणजे 8.82 मिमी) सारखा बोअरचा, नळीच्या आतल्या भोकाचा, व्यास ठोकलेला असतो, आणि नळी व रिसीव्हर (नळी जिथे बसवतात तो वरचा भाग) जिथे मिळतात तिथे दोघांवर मिळून एक बारीक खूणरेघ. इथे व्यासाचा शिक्का गायब, आणि रेघ फक्त रिसीव्हरवर. रिसीव्हरच्या पुढच्या टोकाला साइट खाली बसण्यासाठी जी खाच हवी, तीही नव्हती. त्यावरून रिसीव्हर साध्या पी 08 चा निघाला.

आता नंबर. फ्रेमवर पूर्ण नंबर आणि अक्षर, छोट्या भागांवर शेवटचे दोन आकडे. साइड प्लेट आणि टेकडाउन लिव्हरवर आकडे जुळत होते खरे, पण टॉर्च तिरका धरून दहापट भिंगातून पाहिल्यावर आकड्यांभोवती उथळ खळगा दिसला: जुना नंबर घासून काढलेला. आकड्यांच्या कडा धारदार, भागाच्या स्वतःच्या कडा मात्र झिजलेल्या, आणि ‘7’ चं वळण फ्रेमवरच्या ‘7’ शी जुळेना. मॅगझिनला ॲल्युमिनियमचं बूड होतं. 1917 ला लाकडी हवं. खरं तर मॅगझिन फोटोतही दिसत होतं, तिथेच थांबता आलं असतं.

विक्रेत्याने तपासणीची मुदत तीन दिवसांची दिली होती, आणि ती पार्सल पोहोचल्यापासून मोजली. चौथ्या दिवशी त्याने हात वर केले. म्हणून पैसे भरण्याआधीच फ्रेमची आतली बाजू, नळीचा खालचा भाग, टॉगलचे (वरच्या गुडघ्यासारख्या दुमडणाऱ्या सांध्याचे) दोन्ही दुवे, मॅगझिनचं बूड आणि प्रत्येक नंबर, दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, असे फोटो मागावेत. टाळाटाळ झाली तर सोडून द्यावं. ‘एरफुर्ट 1917 आर्टिलरी’ दिसली तर फोटोही मागू नयेत. एरफुर्टच्या सरकारी शस्त्र कारखान्यातल्या आर्टिलरीवर फक्त 1914 हेच साल सापडतं.

ही लुगर 9 मिमीची, आणि भारतात 9 मिमी हा निषिद्ध बोअर, म्हणजे साध्या परवान्यावर न मिळणारा, आहे. ‘अँटिक आहे, लायसन्स लागत नाही’ असं सांगणारे भेटतात. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 45 मधली सूट दुरुस्त करूनही चालवता येणार नाही अशाच जुन्या हत्याराला आहे, आणि लुगर बहुधा दुरुस्त होते.